डबीतली परकी बाई

१

"ही माझी सोना न्हाय," आबासाहेब म्हणाले.

ते देव्हाऱ्यापुढे पाटावर बसले होते. एका हातात उघडी चंदनी डबी, दुसऱ्या तळव्यावर चांदीचा लहानसा पत्रा. शेजारी त्यांचे जुने स्नेही, निवृत्त फौजदार सिद्रामप्पा, पूजा उरकून पानं कधी मांडतात याची वाट बघत बसले होते. प्रवासाच्या गोष्टी ऐकत पोटभर जेवायचं म्हणून त्यांनी सकाळचा चहासुद्धा अर्धाच घेतला होता. आबांच्या डोळ्यांना शीण आला असेल, असं त्यांना आधी वाटलं. मग त्यांनी चष्मा चढवून पाहिलं आणि आज जेवण लांबणार हे ओळखलं.

आबासाहेबांच्या घरची एक रीत होती. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याची आकृती चांदीच्या पत्र्यावर उठवून घ्यायची आणि ती देवांच्या ओळीत बसवायची. त्या पत्र्याला टाक म्हणतात. सोनाबाई, म्हणजे आबासाहेबांच्या पत्नी, सवाशीण गेल्या. त्यांचा टाक सिद्रामप्पांनी कितीदा तरी पाहिला होता. उभी बाई, दोन्ही हात जोडलेले, नाकात नथ. आता आबांच्या तळव्यावर जी बाई होती ती गुडघे टेकून बसली होती. डोक्यावर फडकं, अंगात पायघोळ झगा, आणि पत्र्याला वरच्या बाजूला भोक.

"ही मडमीण माझ्या डबीत कुटनं आली, अप्पा?"

सिद्रामप्पांनी आजवर नाना तऱ्हेच्या चोऱ्या पाहिल्या होत्या. बैल चोरून बदली बैल बांधून जाणारा चोर एकदा भेटला होता. पण कुणाची मेलेली बायको नेऊन दुसऱ्याची ठेवणारा चोर त्यांनाही नवा होता.

दाराशी आबांचा पुतण्या जोतीराम उभा होता. शिकलेला, इंग्रजी बोलणारा, त्यामुळं प्रवासाची सगळी व्यवस्था त्याच्याकडं होती. त्याच्या मागं आबांच्या थोरल्या विधवा बहीण सोजरबाई, म्हणजे आक्का. आणि अंगणात, खांद्यावर घोंगडं टाकून, गुंडा. सांगोल्याकडचा धनगर, गडी म्हणून या घरी आला त्याला बराच काळ लोटला होता. परदेशात ही डबी ज्या पेटीत होती ती पेटी त्याच्याच खांद्यावर असायची.

जोतीराम बोलला तो सरळ बोलला. पेटीची किल्ली गुंडाच्या कमरेला होती. टाक त्यानं कुठंतरी फुंकला असणार आणि डबी रिकामी दिसू नये म्हणून बाजारातलं हे काहीतरी आत घातलं असणार.

आबासाहेबांनी अंगणाकडं पाहिलं. "गुंड्या, तू घेतलास?"

गुंडा खाली बघत राहिला. नाही म्हणाला असता तर आबांनी ते मानलं असतं, इतका त्यांचा त्याच्यावर जीव होता.

"मला इचारू नगा, मालक," तो म्हणाला. "घालवायचं आसंल तर घालवून द्या."

२

जोतीराम त्याच पावली पोलीस चौकीवर निघाला होता. सिद्रामप्पांनी त्याला थांबवलं. चौकीत एकदा नाव गेलं की ते पुसत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गुंडाची पोर लग्नाची होती. चोराच्या घरची पोर कोण करून घेणार? येत्या मंगळवारपर्यंत मला सवड द्या, ते म्हणाले, मग काय करायचं ते करा. आबासाहेबांनी मान डोलावली. मात्र टाकाचा छडा लागेपर्यंत आपण या घराचा उंबरा ओलांडणार नाही आणि कुठल्या देवाला हात जोडणार नाही, हेही त्यांनी तिथंच जाहीर केलं. तेव्हा सोजरबाईंच्या हातातलं ताट खणकन खाली पडलं. बाई बिचाऱ्या दमल्या असतील, असं सगळ्यांना वाटलं.

दुपारी आक्कांनी वाढलेली भाकरी खाऊन सिद्रामप्पा ती डबी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. डबीच्या एका कडेला दोन लहान कप्पे होते. एकात हळद, दुसऱ्यात कुंकू. परक्या बाईच्या पत्र्याला हळद लावलेली होती. पण कपाळ मोकळंच होतं. पत्रा मागून लखलखीत होता आणि पुढून काळवंडलेला. त्यांनी रुमालानं घासून पाहिलं तर रुमालाला काजळी लागली.

"बाजारातली वस्तू नव्हे ही," ते स्वतःशीच पुटपुटले. दुकानदार माल पुसून ठेवतो.

मग त्यांनी आबासाहेबांना सगळा प्रवास पहिल्यापासून सांगायला लावला. खरं म्हणजे तपासाला एवढं सगळं लागत नव्हतं. पण सिद्रामप्पांची उभी हयात सोलापूर जिल्ह्यात गेली होती आणि पुण्यापलीकडं ते कधी गेले नव्हते. मित्र इटलीत जाऊन आल्याचं कळल्यापासून त्यांना जे खुपत होतं, त्याला हेवा म्हणायला ते तयार नव्हते इतकंच.

या प्रवासाचं मूळ होतं एका डब्यात. रंगाचा विलायती डबा, झाकणावर एका गावाचं चित्र. टेकडीवर वसलेलं लहान गाव आणि त्यात उंचच उंच दगडी मनोरे. सोनाबाई त्यात तूरडाळ ठेवायच्या. घर गिरणीच्या अंगाला, बाईंना दम्याचा त्रास, आणि चिमण्यांचा धूर दिवसभर खिडकीतून आत यायचा. डाळ काढताना त्या झाकणाकडं बघून म्हणायच्या, एवढ्या चिमण्या हायत पर एकीतनं बी धूर न्हाय, ह्या गावाला मला एकदा घेऊन चला. आबासाहेब कापसाच्या अडतीत बुडालेले. नेतो की, म्हणायचे. नेतो नेतो म्हणता म्हणता सोनाबाई खोकून खोकून गेल्या. पुढं जोतीरामनं कुणा प्राध्यापकाला झाकण दाखवलं, तेव्हा कळलं की ते गाव खरंच आहे. इटलीत, नाव सान जिमिन्यानो. मग म्हातारा हट्टाला पेटला.

"रोम-बीम मला बगायचंच नव्हतं," आबा म्हणाले. "ल्हान गावं बगायची, सावकाश. तिला दम लागायचा न्हवं."

जेनोवाला बोटीतून उतरून ते लुक्काला गेले. त्या गावाला भोवतीनं तट आहे आणि तटावर झाडं लावलेली आहेत, लोक संध्याकाळी तटावरून सहकुटुंब फिरतात. आपल्या भुईकोटावर बाभळी माजल्यात नुसत्या, असं आबांनी मधेच सांगून टाकलं. त्या तटावर एका बाकावर बसून त्यांनी डबी उघडली होती. सोनाबाईंचा टाक हातात धरून त्यांनी तिला गाव दाखवलं. म्हणजे लुक्कापर्यंत टाक जागेवर होता.

"आणि मनोऱ्यांचं गाव?"

आबासाहेबांनी तेही सांगितलं. गावात पोचले त्याच दिवशी त्यांना ताप भरला. खाणावळीच्या खोलीतलं छत आणि बाहेरच्या घंटा, एवढंच त्यांना आठवत होतं. ताप डोक्यात गेला होता, वाचण्याची आशा नव्हती. उतरला तसं जोतीरामनं घोडागाडीत झोपवून त्यांना सिएनाला डॉक्टरकडं हलवलं.

"जिच्यापायी एवढा दर्या वलांडला, तिला त्येवढंच गाव दाखवायचं ऱ्हायलं, अप्पा. येताना म्या गाडीत उताणा. मनोरं बी मागं गेलेलं कळलं न्हाई."

सिद्रामप्पांनी खिडकीबाहेर बघायचं काम हाती घेतलं.

पुढं सिएनाचा सुपासारखा उतरता चौक, ओर्व्हिएतोचं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं देऊळ, सगळीकडं आबासाहेबांनी डबी हातात धरून सोनाबाईंना दाखवलं होतं. मात्र बंद डबी. कारण आक्कांनी बजावलं होतं, आजारपणानं विटाळलेलं अंग, टाकाला हात लावू नको, घरी गेल्यावर पूजा करून उघड.

हे बोलता बोलता आबासाहेब थबकले. "म्हंजे ओर्व्हिएतोभर मी बोलत हुतो ते कुणाशी?"



३

जोतीराम सात रस्त्याजवळच्या आपल्या कचेरीत भेटला. सिगारेट काढायला त्यानं खिशातून जी डबी काढली ती चांदीची होती, कोरी करकरीत. सिद्रामप्पांनी ती हातात घेतली, उलटी केली, वजन पाहिलं. सिएनात घेतली, जोतीराम म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. टाक वितळवून हिचं झाकणसुद्धा झालं नसतं, एवढं सिद्रामप्पांना कळत होतं. पण त्याला थोडा वेळ तसंच बसू द्यायला त्यांना हरकत वाटली नाही. गुंडाकडं बोट दाखवताना हाच पुढं होता.

त्याचा प्रवास वेगळा होता. त्याला देखावे कमी आणि हाल जास्त आठवत होते. काकांचा ताप, मोटारवाल्यांशी हुज्जत, जागोजागी काळे सदरे घालून कागद तपासणारे लोक, आणि त्या सगळ्यांवर कडी म्हणजे आत्या सोजरबाई. आत्यांनी सोलापुराहून ज्वारीचं पीठ नेलं होतं, डबाभर. तिकडचा पाव अळणी, त्यात मीठ घालायची त्या मुलखात पद्धतच नाही. लुक्काच्या हॉटेलात आत्यांनी स्वयंपाक्याला बाजूला सारून चुलीवर भाकरी थापली, तेव्हा जोतीरामला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

"पुढं मात्र सवय झाली त्यांना," तो म्हणाला. "सिएनापासून मुकाट अळणी पाव खायच्या. भाकरीचं नाव नाही. पीठ तसंच परत आलं, पोरकिडे होऊन."

सिद्रामप्पा हसले आणि ते हसण्यावारीच गेलं.

मनोऱ्यांच्या गावी काय झालं, हे मात्र जोतीरामला पुरतं माहीत नव्हतं. ताप चढला तसा तो डॉक्टर आणायला सिएनाला गेला होता. खोलीत आजारी काका, आत्या आणि गुंडा एवढेच मागं राहिले. तो डॉक्टरला घेऊन परतला तेव्हा चढावर गल्लीच्या तोंडाशी एक लहान चर्च लागलं.

"आणि आतून कोण बाहेर पडलं माहीत आहे? गुंडा. मालक तिकडं मरणाला टेकलेला आणि हा चर्चमधून येतोय. हातात हातोडी. मला बघितलं आणि हातोडी घोंगड्याखाली लपवली."

४

गुंडा गोठ्यात होता. त्याला कुणी कामाला लावलं नव्हतं, पण बसून राहणं जमत नसल्यानं तो सुंभ वळत होता. सिद्रामप्पा समोर पेंढीवर बसले आणि त्यांनी इटलीत काय आवडलं ते विचारलं. गुंडाचा चेहरा खुलला. ओर्व्हिएतोत एक विहीर होती. खाली उतरायला एक जिना आणि वर यायला दुसरा, पाणी भरणारी गाढवं एकमेकांच्या आड येतच नाहीत. माणदेशात आसली हीर पायजे हुती, तो म्हणाला. ते पट्ट्यांचं देऊळही त्याला पसंत पडलं होतं. घोंगड्याचा काठ बघून बांधलंय, अशी त्याची खात्री होती.

"आणि त्या मनोऱ्यांच्या गावचं देऊळ? हातोडी घेऊन गेला होतास ते?"

सुंभ हातात थांबला. गुंडानं वर पाहिलं नाही.

"बिरुबाची आन हाय, साहेब. सांगीन, पर आत्ता न्हाय."

"कधी?"

"ते माझ्या हातात न्हाय."

"अरे, मंगळवारी हे तुला चौकीत देतील. पोरीचं काय होईल?"

गुंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते घोंगड्याच्या टोकानं पुसलं. "मालक जिता हाय न्हवं," तो म्हणाला. "मग हूं द्या काय व्हायचं ते."

सिद्रामप्पांनी हे वाक्य मनात ठेवलं. चोर असं बोलत नाही. पण मालकाचा जीव आणि मालकिणीचा टाक यांचा संबंध काय, ते काही केल्या जुळेना.

सोजरबाईंना भेटणं त्यांना सगळ्यांत अवघड गेलं. आक्का स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या, आणि प्रत्येक प्रश्नाला दुसरंच उत्तर देत होत्या. टाकाचं विचारलं तर म्हणाल्या, आबाला तुळजापूरला जायला सांगा. मनोऱ्यांच्या गावचं विचारलं तर म्हणाल्या, आबा दुखण्यातनं उठलाय, आईच्या पायावर घालायला नगं? गुंडाचं नाव काढलं तेव्हा मात्र त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"गुंड्याला कायबी करू नगा, अप्पा. तुमाला आबाच्या जिवाची आन हाय."

"मग खरं काय ते सांगा की, आक्का."

पदर तोंडात धरून त्या परसात निघून गेल्या. गड्याला आणि आक्कांना सगळं ठाऊक होतं, आणि तपास करणारा तेवढा अडाणी राहिला होता. सिद्रामप्पा चरफडत भवानी पेठेतल्या आपल्या घरी आले.

५

दुसरा दिवस सोमवार. काशम्मानं नवऱ्याच्या ताटात शेंगापोळी वाढली, वर तुपाची धार धरली, तरी अप्पा आपले डबीतल्या बाईचाच विचार करताहेत हे बघून ती समोर बसली. ती अक्कलकोटाकडची, नवऱ्याला कन्नडच्या सवयीनं 'री' म्हणायची.

"रीऽ, एवढी गुळाची पोळी, आणि मान हलत नाही तुमची."

"तू पण घे की."

"मी घेते आता. मधी खात नव्हते तेव्हा कुठं विचारलं तुम्ही?"

सिद्रामप्पांनी मान वर केली. काशम्मा हसत होती, पण हसण्यात थोडी बोच होती. दरोडेखोरांच्या मागं असताना त्यांना गोळी चाटून गेली, त्या वेळेची गोष्ट. ते दवाखान्यात होते, आणि काशम्मानं सिद्धेश्वराला नवस बोलून गूळ सोडला. नवरा बरा होऊन आपल्या पायांनी देवळापर्यंत चालत जाईपर्यंत तिनं गुळाचा खडा तोंडात घातला नाही. त्यांनी जखम बरी होऊनही देवळात जायला चांगलं वर्ष लावलं होतं.

"बोलली का नाहीस मग? त्याच दिवशी गेलो असतो."

"नवस फिटेपर्यंत बोलायचा असतोय होय? बोललं की उलटतो तो. लहान मुलाला पण कळतं."

सिद्रामप्पा पोळी हातात धरून बसून राहिले. उभ्या जिल्ह्यातले चोर शोधले, आणि रोज समोर वाढणारी बायको वर्षभर गूळ खात नाही हे काही त्यांच्या नजरेला आलं नव्हतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. आणि त्या लाजेतच एकदम त्यांना डबाभर पीठ दिसलं, पोरकिडे झालेलं.

"काशम्मा," ते हात धुवायला उठत म्हणाले, "काल आक्कांनी माझ्या ताटात भाकरी वाढली. स्वतःला काय घेतलं, माहीत आहे? भात. वैरागची, ज्वारीच्या मुलखातली बाई, आणि नुसता भात."

पायताण घालून ते तसेच आबासाहेबांकडं गेले. आबा म्हणाले, उंबरा ओलांडणार नाही म्हटलंय ना मी.

"उद्या तू ओलांडशील," सिद्रामप्पा म्हणाले. "तुझा टाक कुणी घेतला ते मला कळलंय. पण मी ते हितं सांगणार नाही. उद्या मंगळवार. सगळ्यांनी तुळजापूरला चला, गुंडालापण घ्या. तू आधी आपल्या पायांनी पायऱ्या उतरून आईपुढं खण-नारळ ठेवायचा. त्यानंतर चोर आपणहून तुझ्यापुढं येईल."

स्वयंपाकघराच्या दारात सोजरबाई उभ्या होत्या. त्यांनी सिद्रामप्पांकडं असं पाहिलं की, वर्षानुवर्षं गुन्हेगारांच्या नजरेला नजर देणाऱ्या फौजदारांनी खाली बघितलं.

६

मोटारीनं निजामाच्या हद्दीत शिरून ते तुळजापूरला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. आबासाहेबांचे पाय अजून कच्चेच. जोतीराम हात द्यायला पुढं झाला, तर सोजरबाईंनी त्याला मागं ओढलं. त्याचा त्यानं उतरायचं, त्या म्हणाल्या. आबा एकेक पायरी उतरत होते आणि मागं आक्कांचे ओठ हलत होते. गाभाऱ्यात खण-नारळ ठेवला गेला. आबासाहेबांनी देवीपुढं डोकं टेकलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

बाहेर ओवरीत येऊन सगळे सावलीला बसले. सिद्रामप्पा काही बोलणार, तोच सोजरबाईंनी गुंडापुढं हात पसरला.

"गुंड्या, फडक्यात भाकरी हाय न्हवं तुझ्या? दे."

गुंडानं फडकं सोडलं. आक्कांनी चतकोर मोडला, तोंडात घातला, आणि चावता चावता त्या ढसाढसा रडायला लागल्या. आबासाहेब आणि जोतीराम एकमेकांकडं बघत राहिले.

"म्या घेतला, आबा," त्या म्हणाल्या. "तुझी सोना म्या घेतली."

मग त्यांनी सांगितलं. आबा तापात बरळत होते, जोतीराम गावात नव्हता, भाषा येत नव्हती. खाणावळीच्या बाईनं आक्कांचा हात धरला आणि गल्लीतल्या त्या लहान देवळात नेलं. आत दिव्यांच्या धुरानं काळी पडलेली आई होती, कडेवर लेकरू. आणि तिच्या दोन्ही अंगांच्या भिंतींवर चांदीचे टाकच टाक, खिळ्यांनी लावलेले. हात जोडलेले बाप्ये, गुडघे टेकलेल्या बाया. हे बघून आक्कांचा जीव भांड्यात पडला. इथंही आपल्यासारखीच रीत आहे, इथली आई आपलं ऐकेल.

"तिनं खुणंनं सांगितलं. माणूस आजारी, मग बरं, मग चांदी. म्या समाजले, नवसाला हितं चांदी घालत्यात. माझ्या रांडमुंड बाईच्या अंगावं चांदी कुटली? डबी तेवढी जवळ हुती. सोनाला मनात इचारलं. म्हनलं, तुझ्या कुंकवाचा धनी चाललाय, तूच त्याला राख. तुळजापूरच्या आईला म्हनलं, ह्यो तुझ्या पायऱ्या उतरंस्तवर म्या भाकरी खानार न्हाय आन् बोलनार न्हाय. गुंड्यानं खिळा ठोकला. म्या त्याला आन घातली."

"आणि डबीतली ती बाई?" जोतीरामनं विचारलं.

ते सिद्रामप्पांनी सांगितलं, कारण बाकीचं त्यांनी काजळीवरून ताडलं होतं. तो पत्रा वर्षानुवर्षं दिव्यांपुढं भिंतीवर होता. भोक खिळ्याचं. डबीत हळद होती, कुंकूही होतं, पण लावलेली होती फक्त हळद. गुंडाला सवाशिणीच्या टाकाला कुंकू लावायला कुणी अडवलं नसतं. कुंकवाला बोट लावायचं जिनं कायमचं सोडलंय, तिचाच हा हात.

"त्या बाईनं रिकामी डबी बगितली," आक्का म्हणाल्या. "आपल्यात न्हाय का, शेजारणीचं भांडं रिकामं धाडत न्हाईत? तिचा नवस कवाच फिटला हुता. तिनं सोताचा टाक खिळ्यावनं काढला, माझ्या डबीत घातला, आन् त्योच खिळा गुंड्याकडनं ठोकून सोनाला लावली."

जोतीराम उठला आणि गुंडाजवळ जाऊन बसला. माफी मागायची त्याला सवय नव्हती. त्यानं ती सिएनाची डबी खिशातून काढली, गुंडाच्या पुढ्यात ठेवली आणि चुना-तंबाखूला होईल म्हणाला. गुंडानं ती उघडझाप करून पाहिली आणि झाकण लई घट्ट हाय म्हणून परत दिली. तेव्हा दोघंही हसले.

आबासाहेब मात्र हसले नाहीत. ते चिडणार की रडणार, सिद्रामप्पांना कळेना.

"आक्का," शेवटी त्यांनी विचारलं, "कुटल्या अंगाला लावलीस तिला?"

"खिडकीपुढं. समुरच मनोरं दिसत्यात. सगळं गाव दिसतंय."

आबासाहेबांनी चंदनी डबी उघडली. परक्या बाईला तळव्यावर घेतलं. हिला देव्हाऱ्यात बसवू, ते म्हणाले, आपल्या माणसाला जागा दिलीय तिनं. मग त्यांनी बोटावर कुंकू घेतलं आणि तिच्या मोकळ्या कपाळाला लावलं.

"धूर हाय का ग तितं?"

"मेनबत्त्यांचा आसंल थोडा," आक्का म्हणाल्या. "चिमनीचा न्हाय."

आबासाहेबांनी मान हलवली.

"मग बरी ऱ्हाईल," ते म्हणाले. "दम लागायचा न्हाई तिला."